जुनी लहान हॅचबॅक की जुनी मोठी सेडान : तोलायचे नेमके काय?

आडवेइंजिन

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच : जागा एकाच गाडीपुरती आहे, तर लहान, साधी हॅचबॅक घ्यावी की लांबरुंद, क्रोमने मढवलेली सेडान? या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक वेळा एका पारड्यात ऐट आणि दुसऱ्या पारड्यात ॲव्हरेज टाकून मोकळे होते. गाडी बांधली कशी आहे, ती झिजते कुठे आणि झिजलेले पुन्हा उभे करता येते की नाही, हा कामाचा भाग त्यात राहूनच जातो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून दोन ठरावीक गाड्या समोर ठेवतो. एक म्हणजे १९७४ मध्ये आलेली पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ आणि दुसरी १९६५ ची शेव्हरोले इम्पाला, तीही चार दारांची सेडान. या दोघी निवडण्याचे कारण असे की दोन्ही आपापल्या काळात सर्वसामान्य कुटुंबाच्या गाड्या होत्या. इम्पाला १९६५ या एकाच वर्षात १० लाखांहून अधिक खपली, तर पहिल्या पिढीच्या गोल्फ ६८ लाखांच्या आसपास तयार झाल्या. त्यामुळे श्रीमंताची गाडी विरुद्ध गरिबाची गाडी असा भलताच वाद मध्ये येण्याचे कारण नाही.

आधी मापे पाहू. इम्पाला सुमारे ५.४ मीटर लांब आणि २ मीटरहून किंचित अधिक रुंद आहे. गोल्फची लांबी ३.७ मीटर आणि रुंदी १.६ मीटर. गोल्फचे वजन ८०० किलोच्या आसपास भरते आणि इम्पालाचे १,७०० च्या आसपास, म्हणजे फरक सरळ दुपटीचा आहे. परंतु दोन्ही गाड्यांत चार प्रौढ माणसे बसवून पाहिली, तर बाहेरून दिसणारा हा पावणेदोन मीटरच्या जवळ जाणारा फरक आत मात्र कुठेच तेवढा जाणवत नाही. इम्पालाची बरीचशी लांबी बॉनेट आणि डिकी यांच्यात गेलेली आहे, आणि इंजिनापासून मागच्या चाकांकडे मधून जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी जमिनीला जो उंचवटा दिलेला आहे, त्यावर मधल्या माणसाचे पाय येतात.

गोल्फला हे जमले ते इंजिन आडवे बसवल्यामुळे. १९५९ च्या मिनीमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे घातले होते, पण गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली ठेवून दोघांना एकाच तेलावर चालवले होते. दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, शेजारी बसवला. चाकांकडे जाणारे दोन दांडे त्यामुळे असमान लांबीचे झाले, पण तेले वेगळी राहिली आणि दुरुस्ती सुसह्य झाली. जॉर्जेत्तो जुजारो यांनी आकार दिलेली गोल्फ हीच मांडणी घेऊन आली, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्याही तिच्यावरच चालतात. मागची सीट पुढे पाडली की गोल्फमध्ये कपाटाच्या फळ्या, सायकल किंवा वॉशिंग मशीन जाते. इम्पालाची डिकी प्रचंड आहे, पण तिचे तोंड उथळ असल्यामुळे उंच वस्तू आत शिरत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते खोडून काढणे सोपे जाईल. वापरायला गोल्फ सोपी आणि जपायला इम्पाला सोपी. लोक मात्र उलटे धरून चालतात. गाडी लहान आहे, साधी आहे, म्हणजे तिची दुरुस्तीही लहान आणि साधी असणार, असे समजून ते हॅचबॅक घेतात आणि तिथेच फसतात. लहान गाडी लोकांनी वापरून संपवण्यासाठीच घेतलेली असते. ती पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून नुकतेच गाडी चालवायला शिकलेल्या मुलाकडे आणि तिथून भंगारात जाते. तिच्यावर पैसे खर्च करावेत असे या प्रवासात कोणालाच वाटत नाही. मोठी सेडान त्या मानाने लवकर कोणाच्या तरी शेडमध्ये झाकून ठेवली जाते. म्हणून पन्नास वर्षांनंतर, दहा गोल्फ पाहून एक धड मिळणेही कठीण असते, आणि धड इम्पाला मात्र थोडा शोध घेतल्यास हाती लागते.

जाणकारांनी यावर लिहावे.

क्रोमवेडा

आडवेइंजिन यांनी मांडणी नेटकी केली आहे, परंतु माणूस मोठ्या गाडीत मुळात का बसतो, हा मुद्दा त्यांनी ऐट या एका शब्दात गुंडाळला आहे, आणि तो तेवढा नाही. तीन मीटरच्या व्हीलबेसमुळे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरामुळे, पुढची आणि मागची चाके एकाच उंचवट्यावर येण्यात पुरेसे अंतर पडते, त्यामुळे गाडी पुढेमागे डुलण्याऐवजी सपाट राहते. शिवाय चाके, ब्रेक आणि ॲक्सल यांच्या वजनाच्या तुलनेत वरच्या बॉडीचे वजन बरेच जास्त असल्यामुळे चाकाला बसलेला धक्का वरपर्यंत कमीच पोचतो. हे भौतिकशास्त्र आहे, मिरवणे नव्हे. लहान गाडीला कितीही चांगले शॉकॲब्सॉर्बर बसवले, तरी ही विश्रांती तिच्यात येत नाही.

लांबच्या प्रवासात आणखी एक फरक पडतो. चार गिअरची गोल्फ ताशी ११० किलोमीटरला ४,००० फेऱ्यांच्या आसपास ओरडत असते, तर इम्पालाचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन त्याच वेगाला ३,००० च्या आगेमागे, स्वतःशी पुटपुटल्यासारखे चालते. दोन तासांनंतर उतरल्यावर कानांना हा फरक कळतो. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दोनच गिअर आहेत, हे ऐकून लोक हसतात. पण इंजिनाला खालच्या फेऱ्यांतच एवढी ओढ आहे की तिसरा गिअर असता तर बरे झाले असते, असे क्वचितच वाटते.

सुट्या भागांचे म्हणाल, तर शेव्हरोलेचे हे लहान व्ही-८ इंजिन १९५५ पासून बनू लागले आणि २०११ पर्यंत त्या घराण्यातली १० कोटी इंजिने बाहेर पडली. पिस्टन, गॅस्केट, वॉटरपंप, कार्बोरेटर यांपैकी काय हवे ते आजही नवे मिळते. आणि सुरक्षितता? एवढा जाड पत्रा आणि एवढे लोखंड भोवती असताना लहान गाडीत बसून रस्त्यावर जाण्याची हिंमत निदान मला होणार नाही.

ॲव्हरेजबद्दल मी वाद घालणार नाही. लिटरला पाच-सहा किलोमीटर आणि लिटरला बारा-तेरा किलोमीटर यांच्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

पानापक्कड

माझे अर्धे आयुष्य गाड्यांच्या खाली झोपून गेले आहे, त्यामुळे मी खालून दिसते तेवढेच लिहितो.

पहिली गोष्ट चासीची. १९६५ मध्ये इम्पालाला नवी चौकट मिळाली. त्याआधी तिची चासी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती. १९६५ पासून ती गाडीच्या कडेकडेने फिरणारी झाली. बॉडी या चौकटीवर बोल्टांनी बसवलेली असते. जमिनीचा पत्रा सडला तरी गाडी मोडून पडत नाही. सडलेला तुकडा कापून नवा जोडता येतो, आणि तोपर्यंत वजन चासीच उचलत राहते. गोल्फला वेगळी चासीच नाही. तिची बॉडी हीच तिची चासी असल्यामुळे दाराखालची पेटी, जमीन, चाकावरच्या कमानी, शॉकॲब्सॉर्बर ज्याला टेकतो तो टॉवर, या सगळ्यांनी मिळून ती उभी असते. यातला एक कोपरा आतून गंजला, तर ते काम रंगाऱ्याचे राहत नाही. गाडी सरळ ठेवून, मापे घेऊन, वेल्डिंग करावे लागते. आडवेइंजिन म्हणतात त्याचे मूळ इथे आहे.

गोल्फ पाहायला जाणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी पुढच्या काचेच्या खालच्या रबराकडे पाहावे. तिथे रंगाखाली बारीक फोड दिसले, तर अंगठ्याने दाबून पाहावे. अंगठा आत गेला, तर आत पाणी शिरून पायाशी असलेल्या पत्र्यापर्यंत पोचले आहे, असे धरून चालावे. त्यानंतर उजव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या कमानीत हात घालावा. पेट्रोल भरण्याची नळी तिथून टाकीत उतरते आणि चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षे तिच्यावर बसतो. ती नळी सडली की गंजाचा चुरा टाकीत पडतो आणि तो पेट्रोलबरोबर पुढे जातो. कार्बोरेटरची गाडी असेल, तर जेट, म्हणजे त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, तुंबतात आणि ती अडखळू लागते. १९७६ मध्ये आलेल्या जीटीआयसारखी इंजेक्शनची गाडी असेल, तर सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणाऱ्या वितरकातल्या बारीक खाचांमध्ये चुरा जाऊन बसतो आणि मग साफसफाईवर भागत नाही. एका गंजलेल्या नळीपायी चांगल्या इंजिनाला दोष लावलेला मी पाहिला आहे. मालक टाकी न उघडता प्लग बदलत बसतात.

इम्पालालाही तिच्या जागा आहेतच. मागच्या काचेखालच्या खोबणीत पाणी साचते आणि तिथून ते डिकीत झिरपते. डिकीतला गालिचा उचलल्याशिवाय ते कळत नाही. मागच्या चाकांच्या पलीकडे चासीच्या पेटीत चिखल साठतो. तिथे बारीक हातोडीने टकटक करून आवाज ऐकावा. निरोगी चासी खणखणते, सडलेली भदभद वाजते.

क्रोमवेडा यांनी इंजिनाच्या सुट्या भागांबद्दल जे लिहिले ते बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. त्या काळी अमेरिकन कंपन्या दरवर्षी गाडीचा चेहरामोहरा बदलत. १९६५ च्या इम्पालाला मागे गोल दिवे आहेत, १९६६ च्या गाडीला आयताकृती. एका वर्षाचा दिवा, जाळी किंवा क्रोमची पट्टी दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बहुधा बसत नाही. म्हणजे इंजिन अमर आणि पट्टी दुर्मीळ, अशी गंमत आहे. गोल्फचे नेमके उलट आहे. ती दशकभर जवळपास त्याच अंगाने निघत राहिली. १९८० च्या सुमारास मागचे दिवे मोठे झाले आणि डॅशबोर्ड बदलला, एवढाच ठळक फरक. उघड्या टपाची आवृत्ती १९९३ पर्यंत आणि दक्षिण आफ्रिकेतील सिटी गोल्फ तर २००९ पर्यंत त्याच सांगाड्यावर तयार होत होती. त्यामुळे बुश, ब्रेक, दाराची बिजागरी असल्या गोष्टींची अडचण नाही. अडचण आहे ती मूळ पत्र्याची, कारण तो बाहेरून आणून बोल्टाने बसवण्याची सोयच नाही.

लहान गाडी म्हणजे साधी गाडी हा समज मोडायला प्यूजो २०५ हेही चांगले उदाहरण आहे. तिच्या मागच्या चाकांचे दांडे आडव्या बीमच्या आत सुईसारख्या बेअरिंगवर फिरतात. तिथे पाणी शिरून बेअरिंग खराब झाले की बीमची नळीच खाल्ली जाते. गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहून पाहावे. मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली, तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. ते बीम सोडवून नव्याने बांधून घ्यावे लागते, आणि हे काम घरच्या जॅकवर होत नाही.

नवखा_चालक

चर्चा वाचून ज्ञानात भर पडली. माझी अडचण अशी की मला गाडी आठवड्यातून दोन-तीनदा खरोखरच चालवायची आहे, झाकून ठेवायची नाही. छपराखालची जागा मिळण्याची शक्यता नाही. पाने-पक्कड हाताळायला शिकण्याची तयारी आहे, पण वेल्डिंग मला जमणार नाही. सुरक्षिततेबद्दल क्रोमवेडा यांनी जे लिहिले आहे त्याला कोणी आधार देऊ शकेल काय? आणि मोठी गाडी गर्दीत गरम होते म्हणतात, ते कितपत खरे?

आडवेइंजिन

सुरक्षिततेपासून सुरुवात करतो, कारण जाड पत्र्यावरचा हा विश्वास धोकादायक आहे आणि तो खोडून काढायला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये, आपल्या स्थापनेला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची समोरासमोर, थोडी बाजूला सरकवून, ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने टक्कर घडवली होती. बेल एअर त्या वेळची मोठी, लोखंडाने भरलेली सेडान. तिच्या प्रवासी कक्षाचा चुराडा झाला, स्टिअरिंग मागे आले, आणि तिच्यातल्या पुतळ्याच्या नोंदींवरून चालक वाचला नसता असा निष्कर्ष निघाला. मॅलिबूचा चालक किरकोळ दुखापतीवर सुटला असता. लोखंड किती आहे याला महत्त्व नसून, ते कुठे चुरगळते आणि कुठे चुरगळत नाही याला आहे. बेला बारेन्यी यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी मांडलेली ही कल्पना प्रत्यक्षात घेऊन येणारी मर्सिडीज १९५९ मध्येच बाजारात आली होती, आणि नील्स बोहलिन यांचा तीन टोकांचा सीटबेल्टही व्होल्व्होने त्याच वर्षी आणला. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते; ते सगळ्या गाड्यांत पोचायला मात्र वेळ लागला.

१९६५ च्या इम्पालात पुढे केवळ कमरेचा पट्टा आहे, आणि धक्क्याने दबणारा स्टिअरिंगचा दांडा जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांपासून दिला. गोल्फलाही एअरबॅग नाही आणि तिचे दार हाताने ठोकले तर डब्यासारखे वाजते, म्हणून तिला सुरक्षित म्हणण्याचा माझा हेतू नाही. जड गाडीशी टक्कर झाली, तर हलकी गाडी अधिक मार खाते, हेही खरेच. पण तीन टोकांचा पट्टा आणि वेळेत थांबणारी गाडी, या दोन गोष्टी तिच्यात आहेत.

थांबण्याच्या बाबतीत तर दोघींत तुलनाच होत नाही. एकाच वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीचे वजन दुप्पट असेल, तर तिला थांबवताना ब्रेकना दुप्पट उष्णता गिळावी लागते. इम्पालाच्या चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. लांब उतारावर चालकाला हे असे कळते की पहिल्या दोन वळणांवर पाय जेवढा दाबावा लागला, त्याहून जास्त तिसऱ्याला दाबावा लागतो, आणि चौथ्या वळणावर दाबूनही गाडी फारशी ऐकत नाही. उतार संपल्यावर थांबून चाकापाशी वाकले, तर करपलेल्या लायनरचा वास येतो. यावर उपाय म्हणजे खालच्या गिअरमध्ये उतरणे; पण दोनच गिअर असलेल्या गाडीत तो उपायही तोकडाच असतो.

त्याहून गंभीर बाब अशी की त्या वर्षीच्या गाडीला ब्रेकचे एकच सर्किट आहे. एका चाकाची रबरी नळी फुटली तर पेडल जमिनीला टेकते आणि चारही ब्रेक जातात. दोन सर्किटांना वेगवेगळे तेल दाबणारा दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ पासून आला आणि तो जुन्या गाडीला बसवून घेता येतो. इम्पाला घेणाऱ्याने रंग, सीट, रेडिओ यांच्या आधी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गोल्फमध्ये सर्किटे दोन आहेत आणि ती तिरपी विभागलेली आहेत : एक गेले तरी पुढचे एक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे एक चाक धरून राहते. बहुतेक गोल्फना पुढे डिस्कही आहेत, मात्र सुरुवातीच्या सर्वांत साध्या गाड्या पुढे ड्रम घेऊन आल्या होत्या, ते पाहून घ्यावे.

गर्दीत गरम होण्याचे म्हणाल, तर इम्पालाचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असताना, म्हणजे वाऱ्याची सर्वाधिक गरज असताना, तो सर्वांत सावकाश फिरतो. गोल्फचा पंखा विजेचा आहे आणि रेडिएटरमधल्या पाण्याच्या तापमानावर चालू-बंद होतो, त्यामुळे इंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नाही. अर्थात रेडिएटर आतून स्वच्छ असेल, तर इम्पालाही गर्दीत तग धरते. जुन्या मोठ्या गाडीचे नाव गरम होण्यासाठी खराब झाले आहे ते बहुतांशी गाळाने भरलेल्या रेडिएटरमुळे.

नवखा_चालक यांनी सांगितलेल्या वापरासाठी माझा कौल हॅचबॅककडे जातो, पण छपराखालची जागा नाही आणि वेल्डिंगही जमत नाही, या दोन अटींमुळे तो कौल बराच अवघड होतो. उघड्यावर उभी राहणारी गोल्फ आतून सडत जाते, आणि ती थांबवण्याचे जे कौशल्य आहे तेच तुमच्याकडे नाही.

दोन_टोकांमध्ये

पाचर मारल्यासारखे वाटेल, पण आडवेइंजिन यांनी टोकाच्या दोन गाड्या निवडल्यामुळेच उत्तर एवढे तुटक येते आहे. सेडान घेतली म्हणजे चार ड्रम आणि दोन गिअर घेतलेच पाहिजेत, असे नाही. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ ही सेडान १९७६ ते १९८५ या काळातली. सर्व प्रकार धरून २७ लाखांच्या आसपास तयार झाल्या. ती ४.७ मीटर लांब आहे, म्हणजे गोल्फपेक्षा पूर्ण एक मीटरने मोठी आणि तरीही इम्पालापेक्षा बरीच आटोपशीर. चारही चाकांना डिस्क, तीन टोकांचे पट्टे आणि चुरगळण्यासाठी आखलेली पुढची बाजू, हे सगळे तिच्यात आहे. डिझेलची घेतली तर स्पार्कप्लग नाहीत, पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही. वेगाची मात्र अपेक्षा ठेवू नये. २०० डी ही गाडी ताशी १०० किलोमीटरला पोचेपर्यंत अर्धे मिनिट जाते.

तिची एक खोड सांगण्यासारखी आहे. या डिझेल गाडीचे इंजिन चावी फिरवल्यावर बंद होते ते निर्वाताच्या जोरावर, आणि सेंट्रल लॉकही त्याच निर्वातावर चालते. दारातली एखादी रबरी पिशवी फाटून हवा शिरू लागली, तर चावी काढून हातात घेतल्यावरही इंजिन चालतच राहते. नवा मालक घाबरून जातो, पण बॉनेटखाली इंजिन बंद करण्याची कळ आहे. गळती शोधायची, तर एकेक दाराची नळी बंद करत जावे. जिथे बंद केल्यावर इंजिन नीट थांबू लागते, ते दार दोषी.

क्रोमवेडा

बेल एअरची ती टक्कर मला माहीत आहे, आणि तिच्यातली गाडी एक्स आकाराच्या चासीची होती, हे आडवेइंजिन यांनी सांगायला हवे होते. १९६५ च्या चासीवर तोच निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. ब्रेकबद्दल मात्र मी सहमत आहे. दुहेरी सर्किट आणि पुढे डिस्क बसवून घेतल्याशिवाय ही गाडी घेऊन घाटात जाऊ नये. डब्ल्यू १२३ ही उत्तम गाडी आहे, यात शंका नाही, परंतु तिच्यात बसून व्ही-८ चा आवाज आठवणारा माणूस तिच्यावर फार काळ समाधानी राहत नाही.

पानापक्कड

चासीबद्दल क्रोमवेडा म्हणतात ते खरे आहे. पण स्टिअरिंगचा सरळ, न दबणारा दांडा आणि कमरेपुरता पट्टा चासी बदलल्याने बदलत नाही.

डब्ल्यू १२३ ला गंज लागत नाही असे कोणी समजू नये. जॅक लावण्याच्या चार जागा, पुढच्या काचेची खालची कड आणि डिकीत स्टेपनी बसते तो खड्डा, हे तिघे आधी जातात. त्यातले स्टेपनीच्या खड्ड्याचे काम सोपे, काचेखालचे सर्वांत कठीण, कारण त्यासाठी काच काढावी लागते.

नवखा_चालक यांना आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या दोन्ही प्रकारच्या गाड्यांना लागू आहेत आणि सहसा कोणी सांगत नाही. पहिली टायरची. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर घासून जात नाहीत, वयाने जातात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे १४१२ असेल तर २०१२ च्या चौदाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० पूर्वीचा आहे, मग त्याची नक्षी कितीही ताजी दिसो. अशी गाडी चालवून पाहण्याचा आग्रह विक्रेत्याने केला, तर नकार द्यावा.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर मऊ पडते आणि आतून सोलते. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या पहिल्याच आठवड्यात बदलाव्यात. गळक्या नळीखाली इंजिनाचा धूर बाहेर नेणारे तापलेले मॅनिफोल्ड असते. शिसेरहित पेट्रोलने जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह झिजून हेडात खचतात म्हणून बरीच हाकाटी होते. इम्पालाच्या काळातल्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक हेडातच कोरलेली असल्यामुळे तसे होऊ शकते, पण ते सतत जोरात, भार घेऊन चालणाऱ्या गाडीला. आठवड्यातून दोनदा सावकाश फिरणाऱ्या गाडीचे हेड त्यासाठी आधीच उतरवू नये. व्हॉल्व्ह खरोखरच खचत आहेत असे दिसले, तर मग हेड उतरवून कडक बैठका बसवून घ्याव्यात. गोल्फच्या ॲल्युमिनियमच्या हेडला अशा बैठका मुळातच घातलेल्या असतात.

नवखा_चालक

सर्वांचे आभार. छपराखालची भाड्याची जागा शोधायला घेतली आहे. ती मिळाली तर गोल्फ पाहीन, आणि काचेखालचे रबर व मागच्या चाकाची कमान पाहिल्याशिवाय बॉनेट उघडायला सांगणार नाही. जागा मिळाली नाही, तर डिझेलची डब्ल्यू १२३, पण स्टेपनीचा खड्डा कोरडा असेल तरच.